दिवाळीनंतर निघा, आषाढीपर्यंत परत या

घरून नोकरी करणारी तिशीतली जोडपी आणि नुकतीच निवृत्त झालेली साठीतली जोडपी, दोघांच्याही बोलण्यात हल्ली एक बेत वारंवार येतो. सहा-सात महिने दोघांनीच निघायचं आणि थायलंड, लाओस, व्हिएतनाम, मलेशिया, बाली असं सावकाश फिरायचं. बेत चांगला आहे आणि बऱ्याच जणांना परवडणाराही आहे. मात्र तयारी करताना लोक स्थळांची यादी करतात आणि रोजचा दिवस कसा जाणार, याचा विचार राहूनच जातो. दूध कुठून आणायचं, कपडे कोण धुणार, दुपारी ऊन असताना खोलीत दोघं काय करणार, एकाला बोलायचं नसेल तेव्हा दुसऱ्याने कुठे बसायचं? आठ दिवसांच्या सहलीत हे प्रश्न उठत नाहीत. दोन महिन्यांच्या मुक्कामात यांच्याखेरीज दुसरे प्रश्न उरत नाहीत.

म्हणून पहिला सल्ला असा की फिरणं कमी करा आणि राहणं वाढवा. एका गावात किमान तीन आठवडे, जमलं तर पुरता महिना. महिन्याच्या भाड्याने घेतलेली खोली रोजच्या भाड्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, हा एक फायदा. दुसरा त्याहून मोठा. दुसऱ्या आठवड्यात भाजीवाली ओळखायला लागते, चांगली कॉफी कुठे मिळते ते कळतं, आणि रोज सकाळी उठून 'आज काय बघायचं' हा निर्णय घ्यावा लागत नाही. लांबच्या प्रवासात माणूस चालून जेवढा दमतो त्याहून जास्त निर्णय घेऊन दमतो.

पाऊस चुकवत जाणारा रस्ता

लक्ष्मीपूजन, भाऊबीज आटोपून निघालात की वेळ अगदी योग्य साधली जाते. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तर थायलंडमधल्या चियांग मायला हवा थंड आणि कोरडी असते. तिथे दीड-दोन महिने राहा. फेब्रुवारी लागायच्या आत मात्र तिथून निघाच. फेब्रुवारी ते एप्रिल त्या भागात शेतं आणि जंगलं जळत असतात, खोऱ्यात धूर साचून राहतो आणि दम्याच्या माणसाला श्वास घेणं कठीण होतं. त्या दिवसांत भाडी उतरतात, त्याला भुलू नका.

चियांग मायहून सीमेवरच्या हुआय साय गावी गेलं की मेकाँग नदीतून लुआंग प्रबांगला जाणारी संथ बोट मिळते. दोन दिवसांचा प्रवास, मधली रात्र पाकबेंगला. घाई नसलेल्या दोघांसाठी इतका सुंदर प्रवास त्या भागात दुसरा नाही, असं मी बेधडक म्हणेन. जानेवारीत लुआंग प्रबांगला पहाटे स्वेटर लागतो. तिथून २०२१च्या डिसेंबरात सुरू झालेल्या नव्या रेल्वेने राजधानी व्हिएन्टियान दोनेक तासांवर आली आहे. पूर्वी त्यासाठी घाटातून बसमध्ये अख्खा दिवस जायचा.

फेब्रुवारी-मार्च मध्य व्हिएतनामसाठी ठेवा, म्हणजे दा नांग आणि होई आन. हाच भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुराच्या पाण्यात असतो, त्यामुळे महिना महत्त्वाचा. हनोईहून दा नांगला विमानापेक्षा रेल्वेने जा. ७९१ किलोमीटरचं अंतर आहे, रात्रभर झोपून काढता येतं, आणि ह्यूनंतर गाडी हाय व्हानच्या डोंगराला बिलगून समुद्राच्या कडेने जाते तेव्हा उजाडलेलं असतं. फक्त तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद, गाड्या भरलेल्या आणि सगळा देश आपापल्या गावी गेलेला. त्या दिवसांची खोली आणि किराणा आधीच करून ठेवा.

एप्रिलमध्ये मलेशियातलं पेनांग. मे-जूनमध्ये बाली, कारण तिथला पावसाळा मार्चअखेर ओसरतो. आणि मग आपल्याकडे वारी निघते त्या सुमारास घरी. थायलंडची बेटं यात बसवायची असतील तर एवढं ध्यानात ठेवा: फुकेत-क्राबीच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पाऊस, कोह सामुईच्या बाजूला ऑक्टोबर ते डिसेंबर. एकाच देशाचे दोन किनारे, दोन वेगळे पावसाळे.

कागदपत्रं, थोडक्यात

थायलंडने २०२४च्या जुलैपासून भारतीयांना ६० दिवस विनाव्हिसा राहण्याची मुभा दिली. मलेशियाने २०२३च्या डिसेंबरपासून ३० दिवसांची. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर. इंडोनेशियात विमानतळावर ५ लाख रुपियाला ३० दिवसांचा व्हिसा मिळतो आणि तो एकदा तेवढाच वाढवता येतो. लाओसचा ई-व्हिसा प्रत्येक सीमानाक्यावर चालत नाही, तेव्हा बोटीने जाणाऱ्यांनी आपला नाका यादीत आहे का ते पाहावं. थायलंड आणि मलेशियात उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. ते मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते खरं नव्हे. हे सगळे नियम लवकर बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी स्थळावर पुन्हा एकदा वाचा. मुदत उलटून राहिलात तर थायलंडमध्ये दिवसाला ५०० बाथ दंड होतो.

लॅपटॉपवर नोकरी करणाऱ्यांनी एक गोष्ट स्वच्छ समजून घ्यावी. पर्यटक म्हणून मिळालेला प्रवेश कामासाठी नसतो. थायलंडने अशा लोकांसाठी २०२४मध्ये पाच वर्षांचा वेगळा व्हिसा काढला. त्यावर एका वेळी १८० दिवस राहता येतं आणि अर्जासोबत ५ लाख बाथची शिल्लक दाखवावी लागते. मलेशियातही अशी सोय आहे. लांब राहायचं आणि कामही करायचं असेल तर सरळ हा मार्ग धरा.

नवराबायकोची आडनावं वेगळी असतील, किंवा पासपोर्टवर जोडीदाराचं नाव नसेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत जवळ ठेवा. लग्न न करता एकत्र प्रवास करणाऱ्यांनी इंडोनेशियाचा नवा फौजदारी कायदा लक्षात घ्यावा. २०२६च्या जानेवारीपासून लागू झालेल्या या कायद्यात विवाहाविना सहजीवन हा गुन्हा आहे. तक्रार करण्याचा हक्क फक्त जोडीदार, आईवडील किंवा मुलं यांनाच असल्याने पर्यटकांना सहसा झळ लागत नाही, पण माहीत असलेलं बरं.

खोली बघताना

ऑनलाइन फोटो पाहून महिन्याचे पैसे कधीही भरू नका. आधी तीन रात्रींपुरतं हॉटेल घ्या आणि मग पायी हिंडून खोल्या बघा. चियांग मायमध्ये साधी, नेटकी, एका मोठ्या खोलीची जागा महिना ८ ते १५ हजार बाथला मिळते. एक बाथ म्हणजे अडीच ते तीन रुपये धरा. वीज वेगळी असते आणि घरमालक युनिटला सात-आठ बाथ लावतात, सरकारी दराच्या जवळजवळ दुप्पट. एसी रात्रभर चालवणाऱ्यांनी हे आधी विचारावं. पहिल्या दिवशी मीटरचा फोटो काढा, भिंती, गादी, नळ यांचा व्हिडिओ करा आणि तो मालकाला तिथल्या तिथे पाठवून द्या. अनामत परत मिळताना त्याचा उपयोग होतो. थायलंडमध्ये परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत सरकारकडे नोंद करायची असते. 'नोंद केली का?' असं विचारून पावती घ्या.

जोडप्यासाठी मात्र सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यापैकी कुठलीच नाही. खोलीत बसायच्या दोन वेगळ्या जागा आहेत का, ते बघा. गॅलरी चालेल, स्वयंपाकाचा ओटा आणि त्यापुढचं स्टूल चालेल, खालच्या मजल्यावरची सामाईक बैठक चालेल. एका पलंगावर दोघांनी सहा महिने दिवसभर बसणं कुणालाही जमत नाही, मग लग्नाला चार वर्षं झालेली असोत नाहीतर चाळीस. पोहण्याचा तलाव नसला तरी चालतो, दुसरी खुर्ची हवीच.

स्वयंपाक आणि खाणं

आपल्याकडे या विषयावर दोन टोकं दिसतात. एक, 'बाहेर गेलं की तिथलंच खावं' असं म्हणणारे. दुसरं, थेपल्यांची आणि तयार उपम्याची बॅग भरून नेणारे. दीर्घ मुक्कामात दोन्ही चालत नाही. रोज बाहेरचं खाऊन महिन्याभरात पोट बिघडतं, आणि बॅगेतला खाऊ दहा दिवसांत संपतो. एक जेवण घरी, एक बाहेर, हा हिशेब बहुतेकांना मानवतो.

त्यासाठी दोन-तीन लिटरचा, इंडक्शनवर चालणारा लहान कुकर न्या. थायलंडमधल्या भाड्याच्या खोल्यांत पुष्कळदा स्वयंपाकघर नसतंच. मालकाला विचारून गॅलरीत शेगडी लावता येते. सोबत हळद, हिंग, मोहरी, गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट, दाणेदार चहापत्ती. बाकी सगळं तिथे मिळतं. खोवलेला नारळ आणि डोळ्यांदेखत पिळून दिलेलं नारळाचं दूध थाई बाजारात जसं मिळतं, तसं आपल्या कोकणातही विकत मिळत नाही. चिंच आहे, ताडाचा गूळ आहे, भेंडी, दुधी, दोडका, लांब चवळीच्या शेंगा, सगळं आहे. तूरडाळ, कढीपत्ता, आटा पेनांगच्या जॉर्ज टाउनमधल्या लिटल इंडियात आणि क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्समध्ये सहज. बँकॉकला पाहुरात बाजारात भारतीय किराणा मिळतो आणि तिथल्या मोठ्या गुरुद्वारात लंगरही असतो. तांदळाची काळजी घ्या. लाओसमध्ये रोजच्या जेवणात चिकट भात असतो, तो हाताने गोळा करून चटणीत बुडवून खायचा. वरणाशी त्याचं जमत नाही. वरणभातासाठी जास्मिन तांदूळ मागा आणि पाणी घरच्यापेक्षा थोडं कमी घाला.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. थाई बाजारात बांबूच्या लहान टोपल्यांत मान मुडपून ठेवलेले वाफवलेले मासे दिसतील, ते 'प्ला थू', आपल्या बांगड्याचे भाऊबंद. मलेशियात बांगडा 'इकान केम्बुंग' नावाने ताजा मिळतो. आमसूल जवळ असलं की तिखलं करायला दुसरं काही लागत नाही.

शाकाहाऱ्यांनी थोडं जास्त शिकून जावं. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, कारण थाई स्वयंपाकात माशाचा रस, 'नाम प्ला', मिठासारखा वापरतात, आणि चटणीत कोलंबीची पेस्ट असते. तिला थाईत 'कापी', मलेशियात 'बेलाचान', इंडोनेशियात 'तेरासी' म्हणतात. हे शब्द वहीत लिहून ठेवा आणि विचारा. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मांस, मासे, अंडं, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतं, त्यामुळे जैन मंडळींचीही बरीचशी सोय होते. व्हिएतनाममध्ये 'कोम चाय' लिहिलेली खानावळ पूर्ण शाकाहारी असते. तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच बौद्ध लोक मांस खात नाहीत, तेव्हा एरवी न मिळणारे शाकाहारी पदार्थही त्या दिवशी बाजारात येतात. इंडोनेशियात टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, रोजची आणि स्वस्त. तळून, वरून लिंबू पिळून खाऊन बघा.

एक सावधगिरी. परतीच्या वाटेवर सिंगापूरला दोन दिवस थांबणार असाल तर बॅगेत खसखस नको. तिथे ती निषिद्ध मालात मोडते. अनारसे, खसखस घातलेला घरगुती मसाला, काही लाडू हे सगळं यात आलं. ई-सिगारेट तर सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडे बेकायदा आहे.

आता या सगळ्या कुकर-मसाल्याच्या गोष्टीतला खरा मुद्दा. पस्तीस वर्षं रोज दोन वेळचा स्वयंपाक केलेली बाई निवृत्तीनंतर चियांग मायला येते आणि तिथेही सकाळी उठून चहा-पोहे-भाजी-भात तीच करते, असं होणार असेल तर कुकर घरीच ठेवा. सुट्टी दोघांची असेल तर शेगडीही दोघांची. निघण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत नवऱ्याने वरण, भात, एक पालेभाजी, एक कोशिंबीर आणि चहा एवढं शिकून घ्यावं. हे मी मनापासून आणि आग्रहाने सांगते आहे, कारण अशा प्रवासांतून बायका कंटाळून परत येतात त्याचं मोठं कारण हेच असतं, आणि ते उघड कुणी बोलत नाही. एक दिवसाआड पाळी लावा. ज्या दिवशी ज्याची पाळी, त्या दिवशी बाजारहाट, स्वयंपाक आणि भांडी त्याचीच. कंटाळा आला तर त्याने बाहेरून आणावं, दुसऱ्याकडे बघू नये.

कपड्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा. थायलंडमध्ये गल्लीगल्लीत नाणी टाकून चालणारी यंत्रं असतात. बाकी ठिकाणी किलोवर धुऊन, सुकवून, घडी घालून देतात. सहा-सात जोड सुती कपडे पुरेत. देवळांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारा एक जोड हवा.

दोघांनी चोवीस तास

घरी असताना नवराबायको दिवसातले किती तास खरोखर एकत्र असतात? ऑफिस, भिशी, जिम, नाट्यगृह, मित्र, माहेर, शेजार यांत दिवस वाटला गेलेला असतो. प्रवासात हे सगळं एका फटक्यात जातं आणि एकाच माणसाला दुसऱ्याचा मित्र, मैत्रीण, शेजारी, सहकारी सगळं व्हावं लागतं. प्रेम कमी असल्यामुळे भांडणं होतात असं नाही. एका माणसावर इतक्या माणसांचं काम पडल्यामुळे होतात. हे आधीच एकमेकांशी बोलून ठेवा, म्हणजे पहिलं मोठं भांडण झाल्यावर 'आपलं काहीतरी बिनसलं' अशी भीती वाटत नाही.

आठवड्यातून दोन अर्धे दिवस एकेकट्याने काढा. तेही ठरवून. 'मला जरा एकटीला जायचंय' हे रागावल्यावर सांगितलं तर ते टोचतं, मंगळवारी सकाळचं ठरलेलं असेल तर त्यात काहीच नसतं. चियांग मायच्या वाट सुआन दोक या मठात तरुण भिक्षू परदेशी लोकांशी इंग्रजीत गप्पा मारायला बसतात. एकाने तिथे जावं, दुसऱ्याने वारोरोट बाजारात. होई आनमध्ये एकाने सायकलवरून भातशेतीत, दुसऱ्याने नदीकाठी पुस्तक घेऊन. रात्री जेवताना मग सांगण्यासारखं काहीतरी असतं. दोघांनी दिवसभर तेच बघितलं असेल तर बोलायचं काय?

कामं वाटून घ्या आणि वाटणीचा मान राखा. एकाकडे तिकिटं आणि खोल्या, दुसऱ्याकडे पैसे आणि औषधं. ज्याच्याकडे काम आहे त्याने घेतलेल्या निर्णयावर नंतर टीका करायची नाही. मात्र महिन्यातून एकदा अदलाबदल करा. एकजण तापाने पडला की दुसऱ्याला सगळं एकट्याने करावं लागतं, आणि त्या दिवशी विम्याचा क्रमांक कुठे आहे, कार्डाचा पिन काय, हे विचारत बसता येत नाही. जोडीदाराचा रक्तगट, चालू गोळ्या, अ‍ॅलर्जी हे दोघांच्याही फोनमध्ये आणि कागदावरही असू द्या. रोख आणि कार्डं दोघांकडे वाटून ठेवा, सगळी एका पाकिटात कधीच नकोत.

पैशांवरून होणारी कुरबूर टाळायला एक साधा उपाय आहे. रोजच्या खर्चाची ठरलेली रोख रक्कम दोघांकडे सारखी असावी आणि तिचा हिशेब मागू नये. त्याला तीन कॉफ्या प्यायच्या असतील, तिला कापड घ्यायचं असेल, ज्याचं त्याने बघावं. ठरावीक रकमेच्या वरचा खर्च मात्र दोघांनी विचारून करावा.

उपाशीपोटी, बसस्टँडवर किंवा सामान खांद्यावर असताना कोणताही निर्णय घेऊ नका. आधी काहीतरी खा, पाणी प्या, मग ठरवा. गर्दीत चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे प्रत्येक बाजारात शिरताना बोलून ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते.

आणि तिसरी माणसं शोधा. फक्त एकमेकांशी मराठी आणि दुकानदाराशी खुणा, असं महिनाभर चाललं की मन कोंडल्यासारखं होतं. सिंगापूरला महाराष्ट्र मंडळ आहे. बँकॉक, क्वालालंपूरमध्येही मराठी कुटुंबं भेटतात. पण तेवढ्यावर थांबू नका. स्वयंपाकाचा वर्ग, सकाळचा चालण्याचा गट, थाई भाषेची शिकवणी, यातून त्या गावातली माणसं ओळखीची होतात. लुआंग प्रबांगला पहाटे भिक्षूंची भिक्षाफेरी निघते, तेव्हा रस्त्याच्या पलीकडे शांत उभं राहून बघा. फ्लॅश मारू नका, वाटेत येऊ नका. तिथल्या थेरवादी बौद्ध भिक्षूंना स्त्रियांनी स्पर्श करायचा नसतो आणि वस्तूही थेट हातात द्यायची नसते, ती समोर ठेवावी.

शरीर आणि पैसा

विमा घेताना बारीक अक्षरं वाचा. वर्षभराच्या अनेक पॉलिसींत एका प्रवासाला ३० किंवा ४५ दिवसांचीच मर्यादा असते. सगळ्या दिवसांना पुरेल अशी, एकाच दीर्घ प्रवासाची पॉलिसी मागा. स्कूटरचं कलमही बघा. आरटीओकडून मिळणारा आपला आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या करारानुसार असतो आणि व्हिएतनाम १९६८च्या कराराचाच परवाना मानतो. म्हणजे तिथे भाड्याची स्कूटर मिळते, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ग्रॅब अ‍ॅपवरून टॅक्सी बोलवा किंवा सायकल चालवा. आणि कुठेही स्कूटरसाठी पासपोर्ट गहाण ठेवू नका.

निघण्यापूर्वी डॉक्टरांशी हिपॅटायटिस ए, टायफॉइड, जपानी मेंदूज्वर आणि रेबीज या लसींबद्दल बोला. बालीतली माकडं आणि बहुतेक गावांतली भटकी कुत्री गोड दिसली तरी लांब राहा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा सकाळीही मलम लावा. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर काही देशांत कडक बंधनं आहेत. थायलंडमध्ये रस्त्यावरच्या यंत्रातून साधारण एक बाथला लिटरभर पिण्याचं पाणी मिळतं, घरातला मोठा कॅन त्यातून भरून आणा.

आपलं सिम बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घ्या, रिचार्जची तारीख लिहून ठेवा, आणि इंटरनेटसाठी तिथलं सिम वेगळं घ्या. परदेशी पाठवलेल्या किंवा फॉरेक्स कार्डात भरलेल्या पैशांवर एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस हा कर लागत नाही. ही मर्यादा माणशी आहे, आणि दिवाळीनंतर निघून जूनला परतणाऱ्यांची दोन आर्थिक वर्षं होतात. त्यामुळे दोघांच्या नावावर, मार्चपूर्वी आणि एप्रिलनंतर असे पैसे विभागले तर बहुतेकांना टीसीएसचा विचार करावाच लागत नाही. व्हिएतनाममध्ये २० हजार आणि ५ लाख डाँगच्या नोटा दोन्ही निळसर असतात; अंधारात टॅक्सीवाल्याला देताना शून्यं मोजा.

मागे राहिलेलं घर

शेजाऱ्यांकडे किल्ली, सोसायटीचा देखभाल खर्च आणि वीजबिल बँकेतून आपोआप, गॅसचा रेग्युलेटर बंद, कुंड्या कुणाच्या तरी घरी. एवढं सगळे करतात. जास्त महत्त्वाचं आहे ते आईवडिलांचं. त्यांना रात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर कोण जाणार, कॅशलेस कार्ड कुठे आहे, कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा, हे भावंडांशी किंवा जवळच्या मित्राशी बोलून कागदावर लिहा. दोघांच्या परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना हात लावू नका. फोनची वेळ ठरलेली असावी. थायलंड, लाओस, व्हिएतनाम आपल्यापुढे दीड तास, मलेशिया आणि बाली अडीच तास. म्हणजे घरच्या संध्याकाळच्या चहाला तिकडे दिवेलागण होऊन गेलेली असते. ती वेळ दोन्हीकडे सोयीची पडते.

एकदम सहा महिन्यांचा धीर होत नसेल तर आधी तीन आठवडे फक्त पेनांगला जाऊन राहा. व्हिसा लागत नाही, इंग्रजी चालतं, डाळ-तांदूळ मिळतो, रुग्णालयं चांगली आहेत. तीन आठवड्यांत दोघांच्या सवयींचा अंदाज पुरेसा येतो. पाळी लावून स्वयंपाक आणि ठरवून एकटं फिरणं तिथे जमलं, तर लांबचा बेत बिनधास्त करा.

आणि येत्या दिवाळीनंतरच निघायचं मनात असेल तर आजच दोघांचे पासपोर्ट काढून मुदत बघा. यातले बहुतेक देश प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिन्यांची मुदत मागतात आणि शेवटचा देश तुम्ही मे महिन्यात गाठणार आहात. म्हणजे निघताना किमान वर्षभराची मुदत हवी. तेवढी नसेल तर नूतनीकरणाचा अर्ज आधी करा आणि पुस्तिका ३६ऐवजी ६० पानांची मागा.